बारा नंबरची पाहुणी

"टूथब्रश! आईंचा टूथब्रश राहिलाय बाथरूममध्ये," ती बाळाला कडेवर सावरत म्हणाली.

नवऱ्याने धावत जाऊन तो आणला आणि मोज्यांच्या खणात कोंबला. उशी कपाटावर गेली होती, सपाता पलंगाखाली. दोन खोल्यांच्या घरात चौथ्या माणसाच्या किती खुणा असतात, हे लपवायला लागल्यावर कळत होतं. अकरा वाजता इमारतीचा मॅनेजर येणार होता.

नियमांचा कागद दारामागेच चिकटवलेला होता. पाहुणा तीस दिवस. सासूबाईंना येऊन चार महिने झाले होते. आणि कुणीतरी तक्रार केली होती.

"कुणीतरी काय, खालचीच," नवरा म्हणाला. "या देशात आल्यापासून बघतोय, एकदा साधं हसली नाही. आणि आई पाहुणी कशी? आई आहे ती!"

"हे त्याला नको ऐकवूस. सोमवारी मला रुजू व्हायचंय. पाळणाघरात जागा मिळायला अजून तीन महिने. आई गेल्या, तर माझी नोकरी गेलीच म्हणून समज."

सासूबाई सुनेचा कोट चढवून दाराशी उभ्या होत्या. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"बागेत मागच्या बाजूला बसा हं, आई. झाडांच्या पलीकडे. खिडकीतून दिसणार नाही अशा."

"बसते गं बाई, चोरासारखी." त्या हसल्या. चपला घालता घालता थांबल्या. "पण कळलंच त्याला, तर तुम्हाला घर नाही ना सोडावं लागणार? नीट वाचलंस ना?"

"नाही हो. पाहुण्याने आठ दिवसांत जायचं, एवढंच. घरच्यांना काही नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की. निघा आता."

त्या जिना उतरताना तिला भरून आलं. या बाईने चार महिने तिच्या लेकीला न्हाऊमाखू घातलं होतं, सुनेला दुपारची झोप मिळू दिली होती. स्वतः मात्र झोपायच्या नाहीत. वही घेऊन बसायच्या. बसवरच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून सुनेनेच त्यांना इथली अक्षरं शिकवली होती, बाळाच्या अक्षर-चित्रांच्या कार्डांवरून. वही दाखवायच्या नाहीत. "हसशील तू," म्हणायच्या. मग घरून बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, व्हिडिओ फोन. बाबांच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं. सासूबाई रोज आधी तेच बघायच्या. परतीचा विषय सासूबाईंनी दोनदा काढला होता. "पाळणाघराचं होऊ दे, मग बघू," मुलगा म्हणाला, आणि त्या "बरं" म्हणाल्या.

बरोबर अकराला बेल वाजली.

मॅनेजर उंच, शांत माणूस होता. त्याने बाथरूम पाहिलं, पलंग पाहिला. "दोघं आणि बाळ?"

"हो," नवरा म्हणाला.

मॅनेजर खिडकीशी गेला. खिडकीच्या कट्ट्यावर लाल काड्यांचा चष्मा पडलेला होता. सकाळी सासूबाईंनी तो पर्समध्ये टाकलेला तिने स्वतः पाहिला होता.

"माझाय," नवरा म्हणाला आणि तो नाकावर चढवून आंधळ्यासारखा हसला.

मॅनेजर खाली बागेत बघत होता. तेवढ्यात बाळ आनंदाने चीत्कारलं, खिडकीकडे झेपावलं. तिने वाकून पाहिलं.

खिडकीच्या बरोबर समोरच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. कोटाच्या लांब बाह्या हलवून नातीला टाटा करत होत्या.

"कोण त्या?"

तिने बाळाला खिडकीपासून मागे ओढलं.

"माझी आई," शेवटी नवरा म्हणाला. चष्मा अजून नाकावरच होता.

"त्यांना कामाला ठेवलंय?"

"कामाला? नातीला सांभाळते ती!"

"म्हणजे काम."

"आमच्यात याला काम म्हणत नाहीत."

मॅनेजरने खांदे उडवले. "त्यांना घरी जायचं नाहीये का?"

"आमच्यात आईला असं विचारावं लागत नाही," नवरा ताठ आवाजात म्हणाला.

मॅनेजरने खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. सही नव्हती. मोठ्या, गोल अक्षरांत तीन ओळी. बारा नंबर. पाहुणी. चार महिने. अक्षरांच्या डोक्यावरून पेन दाबून रेघा ओढलेल्या. किती तो राग, तिच्या मनात आलं.

"कुणी लिहिलं माहीत नाही. पण खोटं नाही ना?" तो म्हणाला. "आठ दिवस."

शुक्रवारचं तिकीट मिळालं. नवरा दोन दिवस घरात मुद्दाम टाचा आपटत चालला, खालचीला ऐकू जावं म्हणून. तिने कामावर फोन केला. सोमवारी येता येणार नाही म्हणून सांगताना तिला रडू फुटलं.

"माझंच चुकलं गं," सासूबाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "पोरगी दिसली आणि हात आपोआप वर गेला."

"तुमचं काय चुकलं, आई? माणसंच वाईट इथली."

सासूबाईंचा हात पाठीवर थबकला. मग पुन्हा फिरू लागला.

शुक्रवारी सकाळी त्या बाळाला शेवटची अंघोळ घालायला बसल्या. आतून दोघींचं खिदळणं ऐकू येत होतं. ती बॅग भरत होती. पर्समध्ये वरच सुईदोरा आणि एक पांढरं बटण होतं. साड्यांच्या घडीत वही सापडली.

हसशील तू. तिने वही उघडली.

पहिल्या पानांवर सुटी अक्षरं, वेडीवाकडी. मग बसवरच्या पाट्यांची नावं. जन्मभर मराठी लिहिलेल्या हाताने इथल्या शब्दांनाही सोडलं नव्हतं. प्रत्येकाच्या डोक्यावर ठसठशीत शिरोरेघ ओढली होती. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे शब्द टांगले होते. तिला खरंच हसू आलं.

तिने शेवटचं पान उलटलं.

बारा नंबर. पाहुणी. चार महिने. खाली पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच, अक्षर सुधारत सुधारत.