सत्तावीस सिनेमांची क्रमवारी

देवासच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी एक लेख लिहिला: एकाच सुपरहिरोच्या सत्तावीस सिनेमांची क्रमवारी. सहा महिने खपलो. सगळे सिनेमे तीन-तीनदा पाहिले. नववा कोणता आणि दहावा कोणता, यावरून राजवीरभियाशी, म्हणजे सख्ख्या मेव्हण्याशी, बोलणं तोडलं. माझी शाळा हिंदीतली, म्हणून लेख तपासायला अक्काआत्यांकडे दिला. त्यांनी लाल पेनाने पानंच्या पानं रंगवली. शेवटचं वाक्य तेवढं जसंच्या तसं ठेवलं. मला कोण अभिमान वाटला!

अंक छापून आला आणि तेच वाक्य एकमेकांना वाचून दाखवत अख्खं मंडळ हसायला लागलं: "ही क्रमवारी म्हणजे माझ्या आयुष्याची सर्वांत मोठी चेष्टा आहे."

मी तडक अक्कांकडे गेलो. "अक्का, चेष्टा म्हणजे कोशिश ना? हिंदीत तर तेच म्हणतात!"

"मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा रे."

"मग तुम्ही सुधारलं का नाही?"

"चूक असती तर सुधारलं असतं."