बापाचं नाव

"वालिद का नाम?" हेडमास्तरांनी दुसऱ्यांदा विचारलं आणि टाक दौतीत बुडवला.

महानंदानं तोंड उघडलं तशी त्यांनी टेबलावर छडी आपटली. विचारलंय ते पोरीला नव्हे, तिला घेऊन आलेल्या माणसाला. तालुक्याच्या शाळेचा कायदाच तसा होता. पाचवीपासून सगळं उर्दूत, आणि नाव दाखल करणाऱ्यानं आपल्या तोंडानं सांगायचं. नाव घालायचा आज शेवटचा दिवस. बाप लातूरला कामाला गेलेला, म्हणून शरणम्मा लेकीला घेऊन चार कोस चालत आली होती.

"अव्वा, बाबांचं नाव सांग की," महानंदा आईच्या कानाशी लागली.

शरणम्मानं पदर नाकापर्यंत ओढला. नवऱ्याचं नाव तिनं चारचौघांत कधी नुसतं उच्चारलं नव्हतं.

दाराशी उभा असलेला शिपाई रसूल इथलाच. तो हळूच म्हणाला, "साब, हमारे इधर की औरतां मरद का नाम नै लेते."

"तुम पहले अपनी ज़बान दुरुस्त करो," हेडमास्तर म्हणाले. ते हैदराबादेहून आलेले. रसूलची दखनीही त्यांच्या कानाला खड्यासारखी टोचायची. मग शरणम्माकडं न बघताच त्यांनी विचारलं, पोरीचा बाप कोण हे हिला ठाऊक तरी आहे का?

पडवीतली पोरं फिदीफिदी हसली. महानंदाची कानशिलं तापली.

"काय म्हणतेत गं?" शरणम्मानं विचारलं.

"लवकर सांगा म्हणतेत."

शरणम्मानं भिंतीवरच्या निजामाच्या तसबिरीकडं बघितलं, मग टाकाच्या टोकाकडं. आणि लग्नात, बारशात घेतात तसं तिनं खणखणीत सुरावर नाव घेतलं,

"पायी आले चार कोस, पदर घेतला सावरून,
गुरुसिद्धप्पांची लेक ही, घ्या कागदावर उतरून."

पडवीत हसण्याचा नुसता कल्ला उठला. कुणीतरी टाळीवर ठेका धरला. महानंदाला आईचा राग आला. दुसऱ्यांच्या आया बोलतात तसं हिला साधं बोलता येत नाही?

"क्या बकती है ये?"

चार कोस, पदर, सावरणं. सगळ्याला उर्दू शब्द होते, आणि ते सगळे महानंदाला येत होते.

"वालिद का नाम गुरुसिद्धप्पा," ती म्हणाली. "बस, इतनाच बोली."

टाक उजवीकडून डावीकडं सरकत गेला. हेडमास्तरांनी सुनावलं, की उद्यापासून ही गावंढळ बोली पायरीबाहेर ठेवून यायची. आणि आईला सांग, पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही.

बाहेर लिंबाखाली शरणम्मानं भाकरीचं फडकं लेकीच्या हातात दिलं. महानंदानं खाली मान घालून सांगितलं, नाव दाखल झालं, मास्तर चांगले आहेत, तुला जपून जा म्हणाले.

शरणम्मानं हनुवटीला धरून तिची मान वर केली.

"आठ वर्सं झाली, सकिनाबीच्या भिंतीला भिंत लावून राहते मी. तिची बोली रोज कानावर पडती," ती म्हणाली. "त्यो काय बोलला ते कळलं मला. तू काय गाळलंस, तेबी कळलं."