चांदणीवाला रुपया

निपाणीचे रायगोंडा आणि कुमार हे बालमित्र, दोघांनाही जुन्या नाण्यांचा भारी नाद. दोघांनी आपापला चांदीचा रुपया नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेकडे तपासणीला पाठवला. दर्जा सारखाच मिळाला, पण कुमारांच्या रुपयाला देखणेपणाची जादा चांदणी लागून आली. रायगोंडा उखडले.

"चांदणी म्हंजे निव्वळ थोतांड! मला तर दोन्हीत काय फरक दिसत न्हाय."

"आणि ही कडंची निळी-सोनेरी झाक?"

"कुठली झाक?"

कुमारांनी वाद तिथंच सोडला. मग म्हणाले, "उद्या बेळगावला जाऊ. तिथं लई मोठे जाणकार हायत, त्येंनाच विचारू."

दुसऱ्या दिवशी रायगोंडांनी तावातावाने दोन्ही रुपये जाणकारांपुढे ठेवले. ते जाणकार निघाले डोळ्यांचे डॉक्टर; त्यांनी रुपयांकडे पाहिलंही नाही. रायगोंडांच्या डोळ्यांत बॅटरी मारून ते म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

दोन्ही ऑपरेशनं झाल्यावर रायगोंडांनी कुमारांचा रुपया उन्हात धरला आणि बघतच राहिले.

"व्हय रं, चांदणी खरी हाय. लई देखणा हाय."

मग त्यांनी मान वर करून मित्राकडे पाहिलं.

"पण कुमार, तू कवा एवढा म्हातारा झालास रं?"