पहिल्या ध्येयाचा फोटो

रेश्माबाई मोबाइल हातात धरून दारातच थांबल्या. असं घर त्यांना फोटोसाठी नको होतं.

शुक्रवार पेठेमागच्या बोळातली ती पत्र्याची खोली. आत टीव्ही होता, भिंतीवर घड्याळ होतं, चार नव्या खुर्च्या मांडल्या होत्या. केराबाई जरीची साडी नेसून उभी होती. तिची लेक प्रियदर्शनी खाली मान घालून चहा घेऊन आली.

उद्या शाळेत प्रदर्शन होतं. जगातल्या देशांनी मिळून ठरवलेली शाश्वत विकासाची सतरा ध्येयं, प्रत्येकाला एक फलक. पहिलं ध्येय दारिद्र्य निर्मूलन. त्यासाठी खराखुरा फोटो हवा म्हणून बाईंनी सातवीच्या वर्गात प्रियदर्शनीचं नाव घेतलं. मनात वाईट काही नव्हतं. पण सगळी पोरं वळून तिच्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून ती मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडली नव्हती.

"केराबाई, हे सगळं कुणाचं?"

"टीव्ही शेजारच्या रंभाबाईचा. खुर्च्या पलीकडच्या गुंडाभाऊच्या. साडी पद्मक्कानं दिली." केराबाईनं काहीच लपवलं नाही. "पोर म्हणली, बाई घर बघाय येणार. पोरगी बघाय पावणं आलं की आमच्या गल्लीत असंच करत्यात."

"अहो, मी काय सोयरीक घेऊन आलेय?"

दाराशी जमलेल्या बाया हसल्या. रंभाबाई पुढं सरकली. "बाई, तेवढा टीव्हीवरचा रुमाल काढू नगा. काच तडकलीया."

प्रियदर्शनी हसली नाही. ती खुर्चीची कड घट्ट धरून उभी होती.

"मला तुमचं खरं घर हवंय," बाई म्हणाल्या. "हे सामान बाहेर काढा. नाहीतर फोटो खोटा होईल."

दाराशी उभ्या गुंडाभाऊनं आत येऊन एक खुर्ची उचलली. केराबाईनं हात आडवा धरला.

"ठेव ती. खोटं काय हाय ह्यात? मी मागितलं, त्यांनी दिलं. त्यांच्यात पावणं आलं की माझा हंडा तिकडं जातो. मी काय एकली रानात ऱ्हाती व्हय?"

बाईंनी मोबाइल खाली घेतला. मग त्या म्हणाल्या, "सगळे आत या. पद्मक्कांनाही बोलवा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या फलकावर फोटो नव्हता. तो शेवटच्या, सतराव्या फलकावर होता. वर मोठ्या अक्षरांत 'भागीदारी' असं लिहिलं होतं. फोटोत त्या एका खोलीत अख्खी गल्ली दाटीवाटीनं उभी होती.

वर्गातला ऋतुराज फलकापाशी येऊन ओरडला, "ए, टीव्ही तरी तुमचा हाय का?"

पोरं थांबली. प्रियदर्शनीनं मान वर केली.

"न्हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मागून आणलाय."