चंद्रव्वा बेटावर जाते

नाव काठावरून सुटली आणि चंद्रव्वानं पदर तोंडावर ओढून घेतला. तिचा दीर गुरुलिंग समोर बसून तिच्याकडं बघत होता. जेऊरला गाडीतून उतरल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती, त्यामुळं त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

धरणात पाणी अडलं तेव्हा इथला माळ चारी बाजूंनी बुडाला. वरचा उंचवटा तेवढा उरला. तिथं पक्ष्यांच्या अभ्यासाचं केंद्र निघालं आणि चंद्रव्वाचा एकुलता एक चनमल्लप्पा नवी पेठेतलं गुरुलिंगकाकाचं कापडदुकान सोडून तिथं नोकरीला लागला. तेव्हापासून आईनं त्याला घराचं दार बंद केलं. आता त्याचं लग्न जुळत होतं. मुलीच्या बापाची एकच अट होती, आई अक्षता टाकायला उभी राहिली पाहिजे.

ती तयार होईना. का, तेही सांगेना. त्या धंद्याचं नाव माझ्या घरात काढू नका, एवढंच म्हणायची. दुकान सोडल्याचा राग, दुसरं काय, असं गुरुलिंगनं ठरवून टाकलं. एकदा डोळ्यांनी बघा तरी, म्हणून त्यानं तिला होटगीहून गाडीत बसवून आणलं.

मध्यस्थी हा गुरुलिंगचा हातखंडा. मराठी गिऱ्हाइकाशी मराठी, कानडी गिऱ्हाइकाशी कानडी. एका भाषेत शब्द अडला की दुसरीतला घालायचा आणि गाडं पुढं हाकायचं. चंद्रव्वाचं सगळं कानडीत, मराठी फक्त बाजारापुरती.

"बेट आलं," नावाडी म्हणाला.

चंद्रव्वा शहारली. पाण्याला भ्याली असेल म्हणून गुरुलिंग धीर द्यायला लागला.

"पान्याला न्हाय भेत मी," ती कानडीत म्हणाली. "गळ्यात लिंग बांधलेलं पोर माजं. त्यानं हे करावं?"

कापड विकणं पुण्याचं आणि पक्षी मोजणं पापाचं, हे काही गुरुलिंगला पटलं नव्हतं. पण वाद घालायची ही वेळ नव्हती.

चनमल्लप्पा काठावरच उभा होता. तो वाकून पाया पडायला गेला, तर तिनं पाय मागं घेतले. त्यानं चहा आणला, तिनं कपाला हात लावला नाही. खोलीत शिरली ती खुंट्यांकडं, कोपऱ्यांत, खाटेखाली बघत राहिली. ही काय शोधतेय ते गुरुलिंगला कळेना. पोरासमोर त्याला लाज वाटली.

बाहेर दोन बांबूंच्या मधे बारीक जाळं ताणलं होतं. त्यात एक परीट पक्षी अडकून फडफडत होता. चंद्रव्वा जागीच खिळली. चनमल्लप्पानं त्याला सोडवून अलगद मुठीत धरला, तशी तिनं डोळे गच्च मिटले. संपलं, गुरुलिंगच्या मनात आलं. लग्न मोडलं.

"अव्वा, हात पुडं कर."

तिनं डोळे उघडले. पोरानं पाखराच्या पायात इवलंसं कडं बसवलं होतं. हे दर हिवाळ्यात हिमालयापलीकडून येतं, पुन्हा आलं की ओळखता यावं, असं त्यानं समजावलं आणि पाखरू तिच्या तळहातावर ठेवलं. ते क्षणभर बसलं आणि उडालं.

"सोडलंस?"

"सोडायलाच धरतो की. हितं पाखराला खडा मारायची बी सोय न्हाय."

चंद्रव्वा मातीतच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मग पोराला जवळ ओढून तिनं त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. निवलेला चहा मागून घेतला. लग्न कधी धरायचं, हे तिनंच विचारलं.

परतीच्या नावेत गुरुलिंगला आभाळ ठेंगणं झालं होतं. आपण नसतो तर हे जुळलंच नसतं, हे तो नावाड्याला दोनदा ऐकवून झाला. मग वैनीकडं वळून त्यानं मोठेपणानं विचारलं, एवढा राग होता तरी कशाचा?

चंद्रव्वानं मागं पडत चाललेल्या उंचवट्याकडं बोट केलं.

"तुमीच अंगनात हुबं ऱ्हाऊन सांगितलं की, भावजी. 'हुडुगा बेटेग होद.' पान्यातल्या जमिनीला मराठीत बेट म्हंत्यात, ते मला आज कळलं. आपल्या कानडीत त्येचा अर्थ, पोरगा शिकारीला गेला."