तीन नंबरच्या पंपाची सातवी पायरी

सहा पायऱ्या लिहून झाल्या आणि मामांनी तोंडाला कुलूप लावलं.

पंपघरातल्या लोखंडी टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेल्या बाईने मान वर केली. तिचा धंदा सल्ल्याचा. कंपनी-कंपनीत जायचं, सगळ्यांना ॲपवरच्या एका गप्पांच्या भिंतीवर बोलतं करायचं आणि एकाच्या डोक्यातलं शहाणपण दहा जणांच्या हाती द्यायचं. ‘सांगा, येतं ते सांगा,’ हा तिचा वीस वर्षांचा धोशा. म्हणून सगळे तिला सांगाबाईच म्हणत. एका कचेरीत सात वर्षं अबोला धरलेल्या दोन विभागप्रमुखांना तिने असं बोलतं केलं होतं, की शेवटी त्यांना गप्प करायला दुसरा सल्लागार आणावा लागला. खोटं वाटत असेल तर त्या दुसऱ्याला विचारा. त्याचा घसा अजून बसलेला आहे.

पण मामांपुढे तिचीही मात्रा चालेना. पाणीपुरवठ्याचे पंप चालवणारे मामा आज पाच वाजता निवृत्त होणार होते. तीन नंबरचा पंप अधूनमधून रुसून बंद पडे आणि मामा येऊन त्याच्या अंगावर तळहात ठेवून काहीतरी पुटपुटले, की चालू होई. मामांची चप्पल वाजली तरी तो दचकून सुरू होतो, असं फिटर शपथेवर सांगे.

“मामा, सातवी?”

“सहा पुरेत.”

“या यादीत सहाव्या पायरीलाही पंप बंदच आहे अजून. लोक कोरडे नळ धरून उभे आहेत, आणि तुम्ही पुरेत म्हणता!”

मामांनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. “हसणार नाही ना?”

“नाही.”

“सातवी पायरी नाहीच मुळी. मोटर तापली की आतली कळ पडते, वीज तुटते. गार झाली की आपली आपण बसते आणि पंप सुरू होतो. दहा मिनिटं लागतात. मला पलीकडच्या टाकीवरून चालत यायलाही दहाच लागतात.”

“आणि ते हात ठेवणं?”

“गार झालाय का बघतो.”

“पुटपुटणं?”

“आकडे मोजतो. भरभर चालत आलो तर दोनशेपर्यंत मोजावे लागतात.”

सांगाबाई हसली नाही. ओठ मात्र आत दुमडून घ्यावे लागले.

“एकतीस वर्षं मला पंपांचा वैद्य म्हणतात, बाई,” मामा म्हणाले. “आज साहेब भाषणात तेच म्हणणार. समोर बायको असेल, नात असेल. आणि उद्या तुमच्या भिंतीवर सगळे वाचणार, की म्हाताऱ्याचं कसब काय, तर सावकाश चालणं.”

“मग मी नुसतं लिहिते, दहा मिनिटं थांबा.”

“लिहा. कुणी थांबणार नाही. पाणी अडलं की माणसाचे हात शिवशिवतात. कुणी पाना लावतो, कुणी झाकण काढतो. नवा असताना मीही काढलं होतं. पंप आठ दिवस बंद! तेव्हापासून ठरवलं, यायचं ते सावकाशच.”

सांगाबाई पडद्याकडे पाहत राहिली. ‘कुठलंही काम एका माणसावाचून अडू नये’ हा तिचा पहिला नियम. प्रत्येक कचेरीत ती तो मोठ्या अक्षरांत लावून घेई.

“एक सांगू, मामा? माझंही तुमच्यासारखंच आहे. मी काही करत नाही. रुसलेल्या माणसांमध्ये जाऊन बसते, आणि ती गार होतात.”

मामांनी तिला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. “तुम्हीही मोजता की काय?”

“हजारापर्यंत. माणसं पंपापेक्षा उशिरा गार होतात.”

मग तिने झरझर लिहिलं आणि वाचून दाखवलं. “पायरी सात. पंपाला हात न लावता मामांना फोन करावा. ते घरचं सगळं विचारतील. न कंटाळता सविस्तर सांगावं.”

मामांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. काच तशी स्वच्छच होती.

संध्याकाळी, भाषण आटोपल्यावर, साहेबांनी तिला बाजूला घेतलं. “बाई, हे काय? तुमचा पहिला नियम कुठे गेला? आणि मामांनी फोन उचलला नाही तर?”

“तर लागेपर्यंत करत राहायचं,” सांगाबाई म्हणाली. “दहा मिनिटं तरी.”

मंगळवारी ती उरलेली कामं आवरायला पंपघरात आली, तेव्हाच तीन नंबरने मान टाकली. मामांच्या जागी आलेली ऑपरेटर दोन मुलांची आई, कामाला वाघीण. तिने आधी पाना उचलला. मग मोबाइल काढून ॲपच्या भिंतीवरची सातवी पायरी वाचली, पाना ठेवला आणि फोन लावला.

“मामा, तीन नंबर बंद पडलाय हो... काय? हो, बऱ्या आहेत सासूबाई. गुडघा दुखतो, पण ऐकतात कुठे! ... मोठा? त्याचं नका विचारू. शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं त्याच्या... नाही हो, मारत नाही मी. परवा एकदाच, आणि मग मीच रडत बसले.”

ती स्टुलावर बसली. आवाज हळू झाला. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नसावं.

मागे पंप गुरगुरला, थरथरला आणि दणक्यात सुरू झाला. सांगाबाईने खूण करायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

ऑपरेटरने पंपाकडे पाठ केली. दुसऱ्या कानात बोट घातलं.

“हां, बोला मामा,” ती म्हणाली. “इथे फार आवाज व्हायला लागलाय.”