ऊ उडत नाही

येसूतात्याने आदल्याच दिवशी डोक्याचा गोटा करून घेतला होता, म्हणून जनावरांच्या बाजाराच्या फाटकावर तो निर्धास्त उभा होता. एकीकडे मेंढ्यांच्या गोचिडी तपासत होते, दुसरीकडे माणसांच्या उवा. तापाची साथ आल्यापासून एक जरी ऊ सापडली, तरी यंत्र तिच्या पोटातलं रक्त वाचून ती कुणाकुणाच्या डोक्यातून आली ते सांगायचं.

नर्सबाईने तात्याच्या टकलावरून हात फिरवला आणि त्याला सोडलं. मग तिने त्याच्या बायकोचा, ठकूबाईचा अंबाडा सोडून फणी घातली. पांढऱ्या कागदावर एक ऊ पडली.

नर्सबाईने ती उचलून यंत्रात घातली. नवराबायकोची उशी एकच आहे, हे हजामत करताना तात्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तिघांचं रक्त आहे," नर्सबाई म्हणाली. "तुमचं, ह्यांचं आणि तीन वर्षांच्या एका मुलीचं. तुमची सख्खी नात."

"मला कुठली नात?" ठकूबाई म्हणाली. "लेकीने परजातीत लग्न केलं. तिचं तोंड बघायचं नाही, अशी ह्यांनी चारचौघांत शपथ घेतली. पाच वर्षं मलाही जाऊ दिलं नाही."

"ऊ उडत नाही, बाई. डोक्याला डोकं लागावं लागतं."

दर बाजाराला खांद्यावर बसून, आपल्या डोक्यावर डोकं टेकून झोपणारी पोर तात्याला आठवली. त्याने मान खाली घातली.

ठकूबाई सावकाश त्याच्याकडे वळली.

"तिची ऊ घरापर्यंत आणलीत," ती म्हणाली. "तिला कधी आणता?"